धोंड्यातली बिऱ्हाडं

गुंडेटी मॅडम नव्या माणसाला बसा म्हणायच्या आधी त्याच्या हातात धोंडा द्यायच्या. लिंबाएवढा, कधी बटाट्याएवढा, वरून गाठीगाठींचा, फिकट गुलाबी. मीही त्यातून सुटलो नाही. सोलापूरच्या आमच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्र विभागात, लॅब असिस्टंट म्हणून हजर व्हायचा माझा पहिला दिवस. हातात ऑर्डर, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. मॅडमनी ऑर्डर बघितलीच नाही. धोंडा दिला आणि विचारलं, "हे काय आहे?"

"धोंडा हाय," मी म्हटलं. मी माढ्याकडचा. आमच्या रानात धोंड्यांना काही तोटा नाही, त्यामुळं ओळख पटायला वेळ लागला नाही.

"नीट बघ की."

"लई जुना धोंडा हाय."

त्या हसल्या. पर्समधून एक पितळी घडीचं भिंग काढलं आणि माझ्या डोळ्यांपुढं धरलं. "वनस्पती आहे ही. लाल शेवाळ. समुद्रात असतं. पाण्यातला चुना अंगात साठवत साठवत वाढतं, म्हणून असं टणक. मूळ नाही, कशाला चिकटलेलं नाही, लाटांबरोबर तळावर गडगडत राहतं. हा मेलेला आहे. पण जिवंत होता तेव्हा ह्या भोकांत कोण राहत होतं, सांग."

मी पुष्कळ विचार केला. "मुंग्या?"

त्यावर त्या हसल्या नाहीत. "जवळपास आलास," म्हणाल्या. "उद्यापासून ये."

धोंडा म्हणायचं मी कधीच सोडलं नाही. चार-सहा महिन्यांत त्याही धोंडाच म्हणायला लागल्या.

मॅडम सोलापूरच्या पूर्व भागातल्या. घरी तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी मराठी. वडील आधी मागावर होते, मग सूत रंगवायच्या कामाला लागले. ते भिंग त्यांचंच. कापडात इंचाला किती धागे बसलेत ते मोजायला विणकर असलं भिंग बाळगतात. मॅडमनी त्याच्यातून आयुष्यभर समुद्र बघितला. विभागात चांगला महागाचा सूक्ष्मदर्शक होता, पण आधी भिंग, मग बाकीचं. बोलायच्या हळू. कुणी घाईनं काचेचं काही उचललं की "मेल्लगा, मेल्लगा" म्हणायच्या. तेलुगूत म्हणजे सावकाश. दोन वर्षांत अख्खा विभाग मेल्लगा म्हणायला लागला होता, शिपायासकट.

सोलापुरात राहून समुद्रावर काम करायचं, ह्याची चेष्टा व्हायचीच. एकदा संस्थेचे एक पदाधिकारी विभागात आले. सगळं बघून झाल्यावर म्हणाले, "मॅडम, समुद्र इथून कुठं आणि आपण कुठं. ज्वारीवर काम करा, तुरीवर करा. आपल्या भागाला उपयोग होईल." मॅडम म्हणाल्या, "साहेब, ताऱ्यांवर काम करणारे तिथं जाऊन राहतात का?" साहेबांनी चहा संपवला आणि गेले. मी तेव्हा तात्पुरता होतो, दर अकरा महिन्यांनी ऑर्डर नवी व्हायची, आणि तात्पुरत्या माणसाला साहेब लोकांचा चहा अर्धवट राहिला तरी धसका बसतो.

दरवर्षी थंडीत शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींची टूर कोकणात जायची. सगळ्याच कॉलेजांची जाते. मुलं किनाऱ्यावरून शेवाळं ओरबाडतात, कागदावर दाबून वाळवतात, खाली नाव लिहून मार्कांसाठी जमा करतात. मॅडमच्या टूरमध्ये ओरबाडायला बंदी. त्या ज्या खेड्यात न्यायच्या त्याचं नावही कुठं लिहू द्यायच्या नाहीत. कळलं तर कुणीतरी चुन्यासाठी ट्रॅक्टर घालील, म्हणायच्या. त्यामुळं मीही लिहीत नाही.

तिथं खडकांच्या आत एक शांत खाडीसारखी जागा आहे. अमावास्येच्या ओहोटीला, दिवस उगवायच्या सुमाराला, पाणी गुडघ्याखाली येतं आणि तळ दिसतो. तळ म्हणजे वाळू नाही. नुसते गुलाबी धोंडे, एकावर एक, नजर पोचेल तिथपर्यंत. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा चप्पल काढून उभा राहिलो. का काढली ते मलाही सांगता यायचं नाही.

मॅडम साडी खोचून पाण्यात उतरायच्या. प्रत्येकाला एक धोंडा आणि एक पसरट ताट. धोंडा ताटातल्या पाण्यात ठेवायचा आणि दहा मिनिटं गप्प बसायचं. दहा मिनिटं विशीतल्या पोरापोरींना गप्प बसवणं सोपं नाही, पण मग आतली मंडळी बाहेर यायला लागायची. केसासारखे पाच हात हलवत एक इवलीशी चांदणी. तांदळाच्या दाण्याएवढे खेकडे. गोगलगाई, शिंपले, काटेरी किडे, काचेसारखी कोळंबीची पिल्लं. धोंड्यांच्या फटींतून माशांची पोरं पळायची. मॅडम प्रत्येकाजवळ जाऊन एकच विचारायच्या, "आत कोण राहतंय?" मुलं वहीत लिहायची. मग धोंडा होता तिथं, होता तसा, परत. मार्क त्या वहीला. "हा दगड नाही, चाळ आहे," त्या सांगायच्या. "आमच्या चाळीत एका खोलीत नऊ माणसं होतो, तरी आम्हाला वाटायचं आम्ही दाटीनं राहतो."

एक वर्षी एका मुलीनं गुपचूप एक धोंडा पिशवीत टाकला. घरी शोकेसमध्ये ठेवायला. दुसऱ्या दिवशी घाट चढून वर आलो तोवर गाडीत वास सुटला. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा कुणी उघडेना. चहाला गाडी थांबली तेव्हा ती मुलगी रडत रडत पिशवी घेऊन आली. मला वाटलं, आता हिची धडगत नाही. मॅडमनी टपरीच्या बाकावर वर्तमानपत्र पसरलं, धोंडा ठेवला आणि चिमट्यानं एकेक मेलेला जीव बाहेर काढून ओळीनं मांडला. मुलगी शेजारी बसून मोजत होती. तेवीस निघाले. "तेवीस बिऱ्हाडं होती," मॅडम एवढंच म्हणाल्या. आणि तिला चहा पाजला. ती मुलगी आज मोहोळला शाळेत शिकवते. परवा भेटली तर म्हणाली, सर, मी अजून झाडाचं पानसुद्धा विचारून तोडते.

मॅडम स्वतः मात्र वर्षाला एक जिवंत धोंडा सोलापूरला आणायच्या. पाहुणा म्हणून. पुढच्या टूरला त्याला परत नेऊन ठेवायच्या. त्याच्यासाठी समुद्राचं पाणी लागायचं, म्हणून कॅन भरून आणायचे. ते उचलणं माझ्याकडं. एकदा टूरनंतर पाणी कमी पडलं म्हणून आम्ही दोघं एसटीनं जाऊन सहा कॅन घेऊन आलो. कंडक्टरनं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाला, "बाई, सोलापूरला पाणीच न्यायचं होतं तर गोडं तरी न्यायचं." आमच्याकडं नळाला चार दिवसांआड पाणी, हे त्यालाही माहीत. स्टँडवर उतरलो तर एका बाईनं खरंच विचारलं, टँकर आला का म्हणून.

आता मूळ गोष्टीकडं येतो. इतका वेळ इकडचं तिकडचं सांगितलं, कारण ती सांगायला अजून जड जातं.

मॅडमना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. हा धोंडा वर्षाला वाढतो किती? दुसऱ्या देशांतल्या समुद्रांचं लोकांनी मोजलेलं आहे, पण आपल्या खाडीतल्याचं कुणी मोजलं नव्हतं. "वय कळल्याशिवाय किंमत कळत नाही," त्या म्हणायच्या. "ट्रॅक्टर घालणाऱ्याला सांगायला तरी पाहिजे की हे किती वर्षांचं आहे." मोजायची रीत त्यांच्या घरच्या धंद्यातलीच निघाली. रंग. एक लाल रंग असा आहे की जिवंत धोंडा त्या रंगाच्या समुद्रपाण्यात दोन दिवस ठेवला, की त्या वेळी अंगात बसणारा चुना लाल होतो. मग धोंडा परत समुद्रात सोडायचा. काही वर्षांनी काढून मधोमध कापायचा. आत लाल रेघ दिसते. रेघेच्या बाहेर जेवढं, तेवढी त्या वर्षांतली वाढ.

मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधी मॅडमनी असे वीस धोंडे रंगवून खाडीत सोडले होते. प्रत्येकाला मागावरचा हिरवा नायलॉनचा दोरा, विणकराच्या गाठीनं बांधलेला. ती बारीक गाठ कधी सुटत नाही. पण समुद्र कुणाच्या गाठी मोजत बसत नाही. वादळं झाली, धोंडे गडगडले, पुरले गेले. हजारोंमधून ते वीस शोधायचे. दरवर्षी मॅडम वाकून वाकून शोधायच्या आणि कंबर धरून परत यायच्या.

माझ्या दुसऱ्या टूरला सापडला. आठ वर्षांनी, एक. दोरा धोंड्याच्या अंगात बुजून गेलेला, गाठीचं शेपूट तेवढं बाहेर. मॅडम पाण्यातच बसल्या. साडी भिजली. आतली बिऱ्हाडं त्यांनी कुंचल्यानं एकेक करून शेजारच्या धोंड्यात हलवली, तासभर लागला, आणि मगच धोंडा उचलला. सोलापूरला आणून, वाळवून, एका बीकरमध्ये ठेवला. सोमवारी कापायचा होता.

त्या आठवड्यात कॉलेज तपासायला कमिटी येणार होती. आता सोलापूरच्या बोअरचं पाणी कसलं आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको. काचेच्या भांड्यावर दोन महिन्यांत पांढरा थर चढतो. मी तो पातळ ॲसिडमध्ये भांडी बुडवून काढायचो, आणि खरं सांगतो, त्या कामात माझा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. रविवारी स्वखुशीनं आलो. भांड्यांवरची जुनी लेबलं भिजवून, खरवडून काढली, न वाचता केराच्या डब्यात टाकली. एका बीकरमध्ये पांढरट गुलाबी खडबडीत गोळा होता. सुकून पांढुरका पडलेला. मला वाटलं, बीकर धुवायचा तसाच राहून आत क्षाराचा गोळा झालाय. धोंडा रोज हाताळणारा मी, पण त्या दिवशी डोळ्यांपुढं फक्त कमिटी होती. बीकर गोळ्यासकट टबात बुडवला.

फसफसून आला. मी खूश. केवढी घाण निघतेय बघा, म्हणून चहाला गेलो.

परत आलो तर बीकर लख्ख, आणि टबाच्या तळाला थोडा लाल गाळ. त्यात हिरवा दोरा. गाठ शाबूत होती.

मी केराचा डबा उपडा केला. लेबल सापडलं, मॅडमच्या अक्षरात. "रंगवलेला नमुना. कापायचा आहे. हात लावू नये." ते मी खिशात घातलं. का घातलं, तर भीतीनं, दुसरं काही नाही.

सोमवारी मॅडम आल्या. मी सांगितलं, चुकून भांड्यांबरोबर गेला. लेबलाचं काही बोललो नाही. त्यांनी दोरा बाहेर काढला, नळाखाली धुतला, रुमालावर ठेवला. स्टुलावर बसल्या. मी शिव्यांची वाट बघत उभा. मग त्यांनी विचारलं, "ॲसिड किती पातळ होतं?"

मी सांगितलं.

"किती वेळात गेला?"

"अर्धा तास झाला आसंल."

त्यांनी ते लिहून घेतलं. विभागप्रमुख चौकशीला आले. मॅडम म्हणाल्या, "लेबल लावायचं राहिलं माझ्याकडून." रजिस्टरमध्येही तसंच लिहिलं: नमुना विरघळला, चूक माझी. मला वाटलं, त्या विसरल्या. आठ वर्षांच्या धक्क्यात माणूस विसरणारच. आणि देवाशपथ सांगतो, मला हायसं वाटलं. त्याचीच पुढं लाज वाटत राहिली.

त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. पण दुपारचा तास घेतला. बीकरमध्ये एक मेलेला धोंडा ठेवून मुलांसमोर वरून ॲसिडचे थेंब टाकले. "वर्षानुवर्षं वाढतो, अर्ध्या तासात जातो," त्या म्हणाल्या. "समुद्राचं पाणीही हळूहळू आंबटाकडं चाललंय. एवढं तीव्र नाही, पण त्याच दिशेनं. मग ही बिऱ्हाडं कुठं जाणार, ते लिहून आणा उद्या." मागच्या बाकाशी मी उभा होतो. माझ्याकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही, आणि ते मुद्दाम होतं की काय, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

पुढच्या थंडीत त्यांनी पुन्हा रंग कालवला. तीस धोंडे, ह्या वेळी पिवळा दोरा. गाठी मारायला मला शिकवलं. माझ्या जाड बोटांना जमेना. "मेल्लगा," त्या म्हणाल्या. तिसातल्या अकरा गाठी माझ्या. धोंडे पाण्यात ठेवून झाले तेव्हा मी हिशेब केला आणि बोलून गेलो, "मॅडम, हे काढायचं तवा तुमी रिटायर झालेल्या असनार."

"तू असशील की," त्या म्हणाल्या.

मी परमनंट झालो. त्या रिटायर झाल्या. मग गुडघे गेले, ऑपरेशन झालं, समुद्र बंद झाला. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना चालवणाऱ्या भावाकडं राहायला लागल्या. टूर नवे सर न्यायचे, मी बरोबर जायचो. परत आल्याच्या संध्याकाळी फोन ठरलेला.

"सापडला?"

"न्हाय मॅडम."

"बरं. आत कोण कोण होतं ते सांग."

मग मी वही उघडून सगळी बिऱ्हाडं वाचून दाखवायचो. अशी दहा वर्षं. प्रत्येक वेळी फोन ठेवायच्या आधी मला वाटायचं, आज सांगावं. लेबल पाकिटात होतं. पाकीट तीनदा बदललं, लेबल दर वेळी नव्यात गेलं. परमनंट झाल्यावर भीती कसली, असं कुणी विचारील. भीती नव्हती. इतकी वर्षं बोललो नाही, ते आता कुठल्या तोंडानं बोलायचं, एवढंच होतं.

गेल्या थंडीत सापडला. पिवळं शेपूट, तेही जाडसर, वाकडं. माझीच गाठ. मी पाण्यात बसून रडलो, मुलं बघत होती तरी. मग कुंचला काढला.

सोलापूरला आल्यावर तो हातानं, बारीक करवतीनं, दोन दिवस घेऊन कापला. घासून गुळगुळीत केला. स्टीलच्या डब्यात रुमालात गुंडाळून दुपारी मॅडमकडं गेलो. भावाचं घर कारखान्याला लागूनच, माग चालू होते, त्यामुळं जरा ओरडूनच बोलावं लागतं. त्या खिडकीशी खुर्चीत होत्या. खूप बारीक झाल्या होत्या. डबा मांडीवर ठेवला. त्यांनी उघडला नाही.

"आत कोण राहत होतं?"

"दोन खेकडे, एक चांदणी, सात किडे, गोगलगाई चार. एक मला वळखू आला न्हाय."

"ठेवलंस कुठं?"

"शेजारच्या धोंड्यात. एकेक करून."

मग त्यांनी डबा उघडला. अर्धा धोंडा हातात घेतला, भिंग डोळ्याला लावलं. मी त्यांचा हात खालून धरला. लाल रेघ स्पष्ट होती, साडीच्या काठासारखी सलग. रेघेच्या बाहेर गुलाबी पट्टी. मॅडम किती तरी वेळ बघत होत्या. त्यांनी तो पहिला रंग कालवला तेव्हा त्यांचे केस काळे होते.

"चादरीचं सूत असतं ना," त्या म्हणाल्या, "जाड. त्याची पाच-सहा सुतं शेजारी ठेवली तर जेवढी होतील, तेवढं." भिंग खाली घेतलं. डोळे पुसले. "एवढीच वाढ. आणि लोक म्हणतात धोंडा आहे."

मोजपट्टीवरचा आकडा मी काढून आणलेला होता. त्यांनी तो नंतर विचारला.

तेवढ्यात मी पाकीट काढलं. आता नाही तर कधीच नाही, असं झालं मला. पिवळा पडलेला तो कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. "मॅडम, लेबल व्हतं. मीच काढून टाकलं, न वाचता. तुमची चूक नव्हती."

त्यांनी कागदाकडं बघितलं. "माहितीय की," त्या म्हणाल्या. "मीच लावलेलं, मला माहिती नसणार का?"

"मग तसं का लिवलं?"

"तू तात्पुरता होतास. अकरा महिने भरत आले होते तुझे. काढून टाकलं असतं तुला." मग म्हणाल्या, "आणि मला कॅन उचलायला माणूस कुठून मिळाला असता?"

मी मान खाली घालून बसलो. डोळ्यांतलं पाणी आवरेना.

"किती वर्षं लागली रे तुला सांगायला," मॅडम म्हणाल्या. "ह्या धोंड्यापेक्षा हळू आहेस तू."

आणि हसल्या. पहिल्या दिवशी, लई जुना धोंडा हाय म्हटल्यावर हसल्या होत्या, तशाच.

मग त्यांनी टेबलाच्या खणातून कोरं लेबल काढायला लावलं. पेन माझ्या हातात दिलं. नाव, तारखा, किती वर्षं, सगळं त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो. डिंक शोधायला उठलो तर म्हणाल्या, "डिंकानं नको आता. दोऱ्यानं बांध." भावाच्या कारखान्यातला दोरा खिडकीत पडलेलाच होता. मी गाठ मारायला घेतली. एवढ्या वर्षांनीही बोटं जाडच. मॅडम भिंग डोळ्याला लावून माझ्या बोटांकडं बघत होत्या.